एकेचाळिसाव्या पानावरची खूण

माझ्याकडे एक किस्सा आहे. लग्नाच्या पंगतीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, इथल्या, बेंगळुरूच्या मराठी मंडळींच्या सहलीत बसच्या मागच्या सीटवर — तो मी इतक्या वेळा सांगितलाय, की तो सुरू झाला की माझी बायको उठून चहा टाकायला जाते आणि बरोबर शेवटच्या वाक्याला कप घेऊन बाहेर येते. लोक हसतात. एकदोनदा टाळ्याही पडल्यात. आणि तरी — जे घडलं ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. किस्सा सांगितला, घडलेलं नाही. दोहोंत फरक किती? तेरा दिवसांचा. आणि एका वाक्याचा. त्या वाक्यापर्यंत मला आज पोचायचंय, पण सरळ जाता येईल असं वाटत नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आधी किस्साच सांगतो, नेहमीच्या पद्धतीनं.

नव्वदच्या दशकातलं बेंगळुरू. मी बनशंकरीत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचो आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका संस्थेत गणितात संशोधन करायचो. करायचो म्हणजे — तिथे जायचो. चार वर्षं झाली होती आणि माझ्या नावावर एक धड प्रमेय नव्हतं. विनोद मात्र पुष्कळ होते. आमच्याच विभागात सुमित्राअक्का होत्या. निपाणीच्या एका कॉलेजात शिकवायच्या. चाळिशी गाठल्यावर तीन वर्षांची रजा मिळवून पीएच.डी.ला आलेल्या. घरी नवरा, मुलगी, सासूबाई. इथे हेब्बाळला भावाकडे मुक्काम. प्रबंध संपला, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तो दाखल करण्याआधी त्यांनी सगळ्यांसमोर व्याख्यान द्यायचं होतं. शनिवार, सकाळचे अकरा. अक्का फळ्यापाशी, हातात खडू, पदर कमरेला खोचलेला. तास उलटला. शेवटच्या प्रमेयाची शेवटची पायरी आली. आणि मागच्या रांगेतून हा दिगू — म्हणजे मी — सावकाश उभा राहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अक्का, एक बारीकशी शंका. तिसरीला विचारलं का?"

हॉल हसला. आमचे सर हसले, आणि ते वर्षातून एकदा हसत. मग एकेक जण हसायचा थांबला, कारण एकेकाला कळत गेलं की शंका बारीक नाही. अक्कांनी फळ्याकडे पाहिलं. मग खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नाही विचारलं."

इथे चहा येतो.

हे ऐकून हसायला यायचं तर ही तिसरी कोण, ते कळायला हवं. किस्सा सांगताना मी इथे हातवारे करतो, दोन वाट्या आणि एक चमचा मागवतो. कागदावर वाट्या मागवता येत नाहीत. तरी बघू.

मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन. चार ओळी चार रकाने, किंवा पाच ओळी पाच रकाने. पण तो नुसता तक्ता नसतो, ती एक क्रिया असते — समोर येईल त्याला ती ताणते, फिरवते, चेपते. दोन क्रिया एकामागून एक करायच्या तर क्रमाला महत्त्व येतं. आधी तेल तापवून मग मोहरी टाकणं वेगळं, आणि आधी मोहरी जाळून वर तेल ओतणं वेगळं. पण काही जोड्या अशा असतात की क्रम उलटा केला तरी उत्तर तेच. त्या कम्यूट होतात असं आम्ही म्हणतो. घरगुती भाषेत — त्यांचं पटतं.

आता मॅट्रिक्समध्ये काही मोकळ्या असतात. योग्य बाजूनं पाहिलं की त्यांचे स्वतःचे आकडे वेगवेगळे, सुटे सुटे उभे दिसतात. यांना जनेरिक म्हणतात. डोळे मिटून एक उचलली तर बहुतेक अशीच हाती येते. आणि काही अडेल — आकडे एकसारखे आणि एकमेकांत अडकलेले. प्रश्न असा, की एकमेकींशी पटणाऱ्या अडेल मॅट्रिक्स हातात आल्या, तर त्यांना केसभर हलवून मोकळं करता येतं का? एकेकीला हलवणं सोपं. पण हलवल्यावरही आपसातलं पटणं टिकलं पाहिजे, ही खरी अट.

दोघींचं जमतं. हे फार जुनं, आणि युक्ती अशी देखणी की मी अजून वर्गात ती शिकवताना खूश होतो. पहिलीशी पटणारी एक मध्यस्थ शोधायची — योग्य अशी मध्यस्थ नेहमी सापडते — आणि तिचा एक थेंब दुसरीत मिसळायचा. थेंब पडला की दुसरी अशी होते की पहिली पूर्णपणे तिच्यावरूनच ठरते. मग दुसरीला मोकळं करा, पहिली आपोआप तिच्यामागून येते. संपलं.

आणि तिघी असल्या तर? मध्यस्थ पहिलीशी पटणारी मिळाली. दुसरीत थेंब टाकला. पण त्या मध्यस्थाचं तिसरीशी पटतं का, हे कोणी विचारलं? नाही पटलं तर थेंब पडताक्षणी दुसरीचं आणि तिसरीचं बिनसतं आणि सगळा मांडलेला संसार मोडतो. चौकोन खूप मोठा असेल तर तिघींचं जमतच नाही कधी कधी. लहान चौकोनात जमतं का, आणि कुठपर्यंत — हा अक्कांचा विषय. चौथ्या प्रकरणात त्यांनी चार ओळींच्या चौकोनासाठी ते सिद्ध केलं होतं. पाचव्यात पाच ओळींसाठी. पाचात प्रकार पुष्कळ होतात. अक्कांनी एकेक प्रकार घेऊन नेटानं निपटला होता. फक्त एका ठिकाणी, एकेचाळिसाव्या पानावर, दहा-बारा ओळींच्या जागी एकच शब्द होता. इंग्रजीत अर्थातच. त्याचा अर्थ — 'त्याचप्रमाणे'.

गणितात या शब्दाइतका घातक शब्द नाही. कंटाळा आला की माणूस तो लिहितो, आणि वाचणाराही कंटाळलेला असला की तो पुढे जातो. तिथे तिसरीला विचारलेलं नव्हतं.

किस्सा इतकाच. आता बाकीचं.

आमच्या विभागात एक पद्धत होती. व्याख्यानाआधी प्रबंधाची एक छापील प्रत दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला द्यायची. त्यानं ओळ न् ओळ वाचायची, पटलं की प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बरोबरची खूण करायची, आणि शेवटच्या पानावर सही. सरांचा नियम होता हा. समितीतले प्राध्यापक काही सगळी पानं वाचत नसत. ते खुणा बघत. वाचणाऱ्याला आम्ही गमतीनं 'चाखणारा' म्हणायचो — राजाच्या आधी जेवण चाखतो तो.

अक्कांचा चाखणारा मी होतो.

बघा, किस्सा सांगताना हे मी कधी सांगत नाही. सांगितलं तर ऐकणारा पहिला प्रश्न काय विचारेल?

प्रत त्यांनी मला शुक्रवारी दिली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली, कडेच्या भोकांच्या पट्ट्या त्यांनी स्वतः बसून फाडलेल्या. वर एका बरणीत शेंगाचटणी. "लाच नव्हे रे," म्हणाल्या, "रविवारी उपाशी वाचत बसशील म्हणून." मी चाखणारा झालो कारण मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, आणि कारण — हे त्यांनीच एकदा सांगितलं — "तू गंमतजंमत करतोस, पण वाचतोस मन लावून." हे खरं होतं. प्रमेय सुचत नसलं तरी दुसऱ्याचं वाचणं मला चांगलं जमायचं.

रविवारी सकाळी गच्चीत सतरंजी टाकून मी ती प्रत वाचली. चौथं प्रकरण दोनदा वाचलं. पक्कं होतं, आणि मला मत्सर वाटावा इतकं सुंदर होतं. खुणा करत गेलो. पाचवं. एकेचाळिसावं पान. 'त्याचप्रमाणे' वर आलो आणि थांबलो. कागद घेतला, मध्यस्थ मांडली, तिसरीशी गुणून पाहिली. क्रम उलटा केला. उत्तर वेगळं आलं. पुन्हा केलं. पुन्हा वेगळं.

माझ्या अंगावर काटा आला. कशाचा, ते सांगू? आनंदाचा. चार वर्षांत पहिल्यांदा मला असं काहीतरी दिसलं होतं जे सरांनाही दिसलं नव्हतं.

तेव्हा करायचं काय होतं? अगदी सोपं. खाली उतरून कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून हेब्बाळला फोन करायचा. "अक्का, एकेचाळीस बघा." एवढंच. भोक बुजलं तर उत्तम. नाही बुजलं तर पाचवं प्रकरण कात्रीनं कापून टाकायचं. चौथं एकट्याच्या बळावर प्रबंध तोलून धरेल एवढं भक्कम होतं. कोणाला काही कळलंही नसतं.

मी खाली उतरलो नाही. पेन्सिल उचलली आणि एकेचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

का? याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते इतकं फुटकळ आहे की लिहायला लाज वाटते. कारण फोनवर सांगितलं असतं तर ते फक्त अक्कांना कळलं असतं. मला हॉल हवा होता.

त्या रविवारपासून व्याख्यानाच्या शनिवारपर्यंत तेरा दिवस. या तेरा दिवसांत मी तालीम केली. हो, आरशासमोर. "तिसरीला विचारलं का?" हे वाक्य त्या क्षणी सुचलेलं नाही. आधी एक लांबलचक वाक्य होतं, तांत्रिक. मग ते मी छाटत छाटत तीन शब्दांवर आणलं. डोकं कधी खाजवायचं तेही ठरवलं — उभं राहिल्यावर, बोलायच्या आधी. कोणत्या रांगेत बसायचं, तेही. मागच्या, म्हणजे सगळ्यांना मान वळवावी लागते. निळा सदरा इस्त्रीला टाकला. माणूस लग्नाला एवढी तयारी करत नाही.

आणि तेरा दिवसांत अक्का मला रोज भेटत होत्या.

बुधवारी आम्ही कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. त्या दोन बस बदलून आलेल्या, मुलीचं पत्र वाचत होत्या. मला वाचून दाखवलं — मुलीनं विचारलं होतं, आई, आता तुला डॉक्टर म्हणायचं का, आणि आजीच्या गुडघ्याचं तू बघशील का. अक्का खो खो हसल्या. मग एकदम पत्राची घडी घालून म्हणाल्या, "दिगू, एकेचाळीस स्वल्प घाईत लिहिलंय मी. परीक्षेचे पेपर तपासायला कॉलेजनं बोलावलं होतं ना, त्या आठवड्यात. तेवढं पान नीट बघ की."

काय समजायचं ते समजा. त्यांनी स्वतः बोट ठेवलं. पान सांगितलं. मी नुसतं तोंड उघडायचं होतं.

"बघितलं," मी म्हणालो. "सरळ आहे. शनिवारी साडी कोणती नेसणार ते सांगा."

"सरी, सरी," म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. कन्नडमधला सरी. झालं, ठीक. त्या तसा मोकळा चेहरा करून फाटकाबाहेर बस धरायला गेल्या, आणि मी मागे बसून — माझं वाक्य तीन शब्दांवरून दोनवर आणता येईल का, याचा विचार करत होतो. आलं नाही दोनवर.

शनिवारचं तुम्हाला ठाऊकच आहे. ते किश्श्यात जसं आहे तसंच झालं. हॉल हसला, सर हसले, अक्कांनी खडू ठेवला.

किश्श्यात त्यानंतर काही नाही. प्रत्यक्षात होतं. लोक चहाला बाहेर गेले आणि अक्का माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता. आता विचारतील. त्यांच्या हातात ती चाखलेली प्रत होती, एकेचाळीसच उघडलेली. कोपऱ्यात माझी खूण. त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझ्याकडूनही सुटलं होतं बघ. मनाला लावून घेऊ नको. फळ्यावर बघितल्यावर दिसलं ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं तू होतास. चुकीचा प्रबंध माझ्या नावावर राहिला असता."

म्हणजे माझी समजूत त्याच घालत होत्या. आणि गंमत — ही सुटका मी आधीच योजून ठेवली होती. कोणी खूण दाखवली तर काय म्हणायचं? 'वाचताना सुटलं, फळ्यावर दिसलं.' तेरा दिवसांतल्या तालमीत हेही होतं. मला बोलावंच लागलं नाही. माझं वाक्य अक्काच बोलल्या.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटतं, इथवरचं मी कधीतरी, दोन पेग पोटात गेल्यावर, एखाद्या मित्राला सांगितलंही असतं. मत्सर, नाटकीपणा, तरुण वय — माणसं समजून घेतात. पण मघाशी मी तेरा दिवस आणि एक वाक्य म्हणालो होतो. ते वाक्य अजून यायचंय.

सोमवारी सरांनी मला खोलीत बोलावलं. समितीतले आणखी दोघे बसले होते. टेबलावर अक्कांची प्रत. सर म्हणाले — ते तमिळ, आमचं बोलणं इंग्रजीत — पाचवं प्रकरण बाजूला ठेवू. प्रश्न चौथ्याचा आहे. चार ओळींचं प्रमेय उभं असेल, तर तेवढ्यावर प्रबंध दाखल करायला आमची हरकत नाही. आम्हाला सगळं तपासायला वेळ नाही आणि बाईंची रजा जूनमध्ये संपते. तू ओळ न् ओळ वाचलंयस. चौथं बरोबर आहे?

चौथं बरोबर होतं. मी ते दोनदा वाचलं होतं. माझ्या हातानं मी त्यातली प्रत्येक पायरी पुन्हा करून पाहिली होती. जगात त्या घडीला अक्का सोडल्या तर मी एकटा माणूस होतो ज्याला हे ठाऊक होतं.

पण बघा आता. मी जर म्हणालो असतो, 'हो, मी अगदी डोळ्यांत तेल घालून वाचलंय, पैजेवर सांगतो' — तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग एकेचाळीस कसं सुटलं? डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्याला 'त्याचप्रमाणे' दिसत नाही? एक तर मी ढिसाळ वाचक होतो, किंवा मी खोटी खूण केली होती. दोन्हींतलं एक निवडायचं होतं. आणि खरं वाचन केल्याचं सांगितलं की दुसरं उघडं पडत होतं.

सर वाट बघत होते. त्यांचा पंखा कुरकुरत होता.

मी म्हणालो, "सर, आता मला कशाचीच खात्री देता येत नाही."

हे ते वाक्य.

त्या एका खोट्या खुणेला झाकायला मी माझ्या सगळ्या खऱ्या खुणा पुसल्या. सरांनी मान हलवली. प्रामाणिकपणाबद्दल माझं कौतुकही केलं त्यांनी, तिथल्या तिथे. ठरलं ते असं: प्रबंध पहिल्यापासून नव्यानं तपासायचा, सहा महिन्यांनी पुन्हा व्याख्यान. अक्कांनी कॉलेजला रजा वाढवून मागितली. प्राचार्यांनी नाही म्हणून कळवलं. त्यांच्या जागी घेतलेला माणूसही जूनमध्ये जाणार होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात अक्का निपाणीला परत गेल्या. मी त्यांना बसवर पोचवायला गेलो होतो. ट्रंक मीच वर चढवली.

त्या म्हणाल्या होत्या, दिवाळीच्या सुट्टीत येऊन पुरं करते. त्या दिवाळीत सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. पुढच्या सुट्टीत मुलीची परीक्षा. काही वर्षांनी चार ओळींचं ते प्रमेय दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच रीतीनं सिद्ध करून छापलं. मी लायब्ररीत उभ्यानं ते वाचलं. अक्कांची रीत जास्त देखणी होती. पुढे कोणीतरी पाच ओळींचंही केलं — म्हणजे अक्कांचं म्हणणं तिथेही खरंच होतं, फक्त वाट चुकली होती. त्यांचा प्रबंध कधीच दाखल झाला नाही. त्या निपाणीतून लेक्चरर म्हणूनच निवृत्त झाल्या.

आणि माझं काय झालं? माझं छान झालं. त्या शनिवारनंतर सर मला गंभीरपणे घ्यायला लागले. त्यांनी मला एक प्रश्न दिला, निम्म्याहून जास्त स्वतःच सोडवला, आणि त्यावर मला डिग्री मिळाली. आनेकलकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी लागली ती त्यांच्या शिफारसपत्रावर. पत्रात त्या व्याख्यानाचा उल्लेख होता. तीक्ष्ण नजर, असं लिहिलं होतं. आणि स्वतःची चूक कबूल करण्याचा दुर्मीळ गुण.

अक्कांना मी भेटत राहिलो. तोडून टाकणं सोपं गेलं असतं का? पण त्या तोडू देणाऱ्या नव्हत्या. बेंगळुरूला आल्या की घरी यायच्या, माझ्या बायकोला कारहुणवीच्या सणाच्या गोष्टी सांगायच्या, माझ्या मुलाचे भूमितीचे घोटाळे निस्तरायच्या. त्यांच्या तोंडून मी कधी एक कडू शब्द ऐकला नाही. वर्गात मुलांना सांगायच्या म्हणे, 'त्याचप्रमाणे' लिहायचं असेल तर आधी पूर्ण लिहून बघा, मग खोडा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भावाच्या नातीचं लग्न होतं, हेब्बाळलाच. जेवणं झाल्यावर कोणीतरी — तिकडचाच पाहुणा, मला ऐकलेला — म्हणाला, काका, तो तिसरीचा किस्सा होऊन जाऊ दे. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्यासमोर मी तो कधीच सांगितला नव्हता.

"सांग की," अक्का म्हणाल्या. "मलाही ऐकू दे, मी कशी दिसत होते ते."

मी सांगितला. तुम्हाला वाटेल, जीभ अडखळली असेल. नाही अडखळली. उलट त्या दिवशी फारच रंगला. मी डोकं खाजवायच्या जागी आलो तेव्हा अक्का स्वतःच ओरडल्या, "अस्सं खाजवलं होतं बघा यानं, तीळभर फरक नाही!" सगळ्यांत मोठ्यानं त्या हसत होत्या. किस्सा आमच्या दोघांचा झाला होता. त्यांनी तो माझ्यावर विश्वासून आपलासा केला होता — आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या फटक्याची ही हकीकत, आणि त्यात निदान एक खरा मित्र तरी आहे, अशी त्यांची समजूत.

त्यांच्या पलीकडे एक मुलगी बसली होती. नवऱ्या मुलीची धाकटी बहीण, मानसी. गणितातच संशोधनाला लागलेली. हसणं ओसरल्यावर अक्का तिला म्हणाल्या, "तुझं काही लिहून झालं ना, की दुसऱ्या कोणाला दाखवू नको. दिगूकाकाला दाखव. सुटलं तर सुटलं, पण दिसल्यावर लपवायचा नाही हा."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "काका, पाठवू?"

"पाठव की," मी म्हणालो.

अक्का हे वाचतील का? बहुधा वाचतील. निपाणीत दिवाळी अंक वेळेवर पोचतात आणि त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. इथवर त्या आल्या असतील तर त्यांना आता ते माहीत आहे जे मी कट्ट्यावर, हॉलमध्ये, बसस्टँडवर आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत सांगू शकलो असतो. चौथं प्रकरण बरोबर होतं, अक्का. मला तेव्हाही ठाऊक होतं.

मानसीची पानं गेल्या महिन्यात आली. छत्तीस पानं, नीट छापलेली, सोबत एक चिठ्ठी — चौथ्या भागात जरा शंका आहे, तेवढं नीट बघाल का. मी पाकीट उघडलं, चिठ्ठी वाचली, आणि एकही पान न वाचता सगळी पानं दुसऱ्या पाकिटात घालून परत पाठवली. वर लिहिलं, सध्या कामाचा फार ताण आहे, वाचायला वेळ होणार नाही.

मी या वर्षी निवृत्त झालोय. मला वेळच वेळ आहे.